चित्रपट हक्कमुक्त झाला, म्हणजे त्यातली गाणीही झाली का?

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे २४ डिसेंबरला त्यांच्या जयंतीनिमित्त खानदेशातल्या एखाद्या वाचनालयाने १९५३ चा ‘श्यामची आई’ हा चित्रपट दाखवायचे ठरवले, तर ते अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी ‘चित्रपट जुना आहे, आता परवानगी कशाला?’ असे सहज म्हटले जाते. हे म्हणणे निम्मेच खरे आहे, कारण चित्रपटाचा कॉपीराइट आणि चित्रपटात वापरलेल्या साहित्याचा व संगीताचा कॉपीराइट हे दोन वेगळे हक्क असून त्यांची मुदतही वेगळ्या रीतीने मोजली जाते.

१९५७ च्या भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती आणि १९९२ मध्ये ती वाढवण्यात आली. दिग्दर्शक कधी वारला याचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही. म्हणून या चित्रपटाचा हक्क २०१३ च्या अखेरीस संपला.

कथा, पटकथा, गीत आणि संगीत यांचे मात्र तसे नाही. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे मूळ पुस्तक २०११ उजाडताच, म्हणजे चित्रपटाच्याही आधी, मुक्त झाले. परंतु चित्रपटाचे लेखन करणारे आचार्य अत्रे १९६९ मध्ये आणि संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये निवर्तले. त्यांच्या वाट्याच्या कृतींची मुदत अनुक्रमे २०२९ आणि २०३५ च्या अखेरपर्यंत जाते. एकाच रिळावर तीन-चार निरनिराळ्या मुदती अशा रीतीने शेजारी नांदतात. चित्रपटाच्या हक्कामुळे आतील कृतींच्या स्वतंत्र हक्काला बाध येत नाही, असे कायद्याचे कलम १३ सांगते. माझ्या मते हेच कलम सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

शाळेने आपल्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांपुरताच चित्रपट दाखवला, तर कलम ५२ मुळे तो भंग ठरत नाही. गावच्या चौकात सर्वांसाठी पडदा लावला, तर ही सवलत मिळत नाही. तेथे चित्रपटाचा हक्क संपला एवढ्यावर न थांबता पटकथा आणि संगीत यांचे हक्क आज कोणाकडे आहेत, याची चौकशी आधी करावी लागते.