पंधरा वर्षांचं कांस्य

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या नेमबाजीच्या प्रकारात (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून गोळ्या मारायच्या) ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्य घेतलं आणि चर्चा सुरू झाली ती ७२ वर्षांची. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आकडा लक्षात राहणारा आहे, पण ही दोन पदकं घडली कशी, ते पाहण्यासारखं आहे.

खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले. मातीत मुरलेल्या मल्लाला मॅट नवी होती. पुढच्या ऑलिंपिकला जायचं तर पैसे नाहीत. वर्गणी निघाली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पोलिसातली नोकरी खाशाबांना मिळाली १९५५ मध्ये, म्हणजे पदकाला तीन वर्षं झाल्यावर.

स्वप्निलच्या बाबतीत हा क्रम उलटला, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. वडील शिक्षक. २००९ मध्ये त्यांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. पहिलं वर्ष अंगमेहनतीत गेलं, मग एक खेळ निवडायचा होता. त्याने नेमबाजी धरली. पुढे प्रशिक्षक लाभल्या दीपाली देशपांडे. त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली. पदक तेव्हा नऊ वर्षं लांब होतं.

शाहू महाराजांच्या काळी कोल्हापुरात पैलवानाचा खुराक संस्थान बघायचं. त्या राजाश्रयाची जागा पुढे रेल्वे, पोलीस, लष्कर यांच्या नोकऱ्यांनी घेतली. नेमबाजीत तर रायफल, जाड जॅकेट, सरावात उडणारी काडतुसं, सगळंच महाग. 'धीर धर' म्हणायला कुणाचं काय जातं? महिन्याच्या महिन्याला पगार जमा होत असेल, तर धरता येतो.

आणि धीर लागलाच. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. देशाला पॅरिस ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे या प्रकारात एक नेमबाज उतरवण्याची जागा मिळाली, पदक नाही. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर असताना उभ्या स्थितीत एक गोळी बिघडली. पुन्हा चौथा.

पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी प्रत्यक्षात झाली शातोरूला, पॅरिसपासून बरीच लांब. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा तो सहावा होता, झोपून मारल्यावर पाचवा. उरली होती ती उभी स्थिती, हांगझोऊत नडलेली. तिथूनच तो तिसऱ्या क्रमांकावर चढला.