मढची किनारफेरी: नाव नोंदवण्याआधी हे वाचा

मुंबईत वर्सोवा जेट्टीवरून होडीने खाडीपलीकडच्या मढला उतरायचं, कोळीवाड्यातून किल्ल्याकडे जायचं, तिथून किनाऱ्याने एरंगळ गाठायचं आणि रस्त्याने पुन्हा मढ जेट्टीवर यायचं. चाल एकूण नऊ ते दहा किलोमीटर. सपाटीवर एवढं अंतर अडीच तासांत होतं. इथे साडेचार तास धरा. मधला टप्पा खडकाळ आहे आणि पाणी मागे गेलेलं असेल तेव्हाच तिथून जाता येतं.

त्यामुळे फेरीचा दिवस आम्ही तिथी बघून ठरवतो, सुट्टी बघून नाही. कधी रविवार सापडतो, बऱ्याचदा सापडत नाही.

हिशेब किनाऱ्यावरच्या कुणालाही माहीत असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला भरती, पुन्हा दुपारी साडेतीनच्या आत-बाहेर, आणि दोन्हींच्या मधोमध, सव्वानऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला. शिवाय अष्टमी-नवमीला भांग असतो; पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि खडक पुरते उघडे पडत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी लांबवर मागे जातं खरं, पण ओहोटी सकाळी सहाला असते. तेव्हा खडकांवर असायचं तर घरून रात्रीच निघावं लागेल. राहिल्या तृतीया, चतुर्थी, पंचमी, शुद्ध असो की वद्य. आमच्या फेऱ्या याच दिवसांत असतात. हा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, म्हणून नेमकी वेळ छापील तक्त्यावरून घेतो. तक्ता अपोलो बंदरचा असतो. मढला काही मिनिटं इकडेतिकडे होतात.

खडकांचा टप्पा ओहोटीच्या दीड तास आधी सुरू करतो आणि ओहोटीनंतर तासाभरात संपवतो. यात सवलत नाही. पाणी एका वेगाने चढत नाही, हे त्याचं कारण. सहा तासांच्या चढतीत पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा चढतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. उधाणाच्या आसपास ओहोटी आणि भरतीत चार मीटरचाही फरक पडतो, म्हणजे त्या दोन तासांत दोन मीटर, उंच माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकं. पहिला तास पाणी हललंसं वाटत नाही, म्हणून लोक फोटो काढत बसतात. मग अडकतात ते मागच्या बाजूने. पाणी आधी खडक आणि किनारा यांच्यामधल्या सखल घळीत शिरतं. पुढचा खडक अजून कोरडा असतो आणि परतीची वाट गेलेली असते.

पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट घाला. रबरी चप्पल चालणार नाही. या काळ्या दगडावर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची कड ब्लेडसारखी कापते. हिरवं शेवाळ दिसलं की पाय तिथे ठेवू नका, शेजारच्या खडबडीत, कोरड्या दगडावर ठेवा. काही ठिकाणी बंगल्यांच्या भिंती पार पाण्यापर्यंत आल्यात. तिथे वर रस्त्यावर येऊन पुन्हा खाली उतरतो.

आता येण्याबद्दल. वर्सोवा मेट्रो स्टेशन आणि वर्सोवा जेट्टी या दोन वेगळ्या जागा आहेत! दरवेळी कुणीतरी स्टेशनबाहेर उभं राहून फोन करतं. स्टेशनवरून जेट्टीला रिक्षाच करा आणि ‘वेसावे कोळीवाडा, होडीची जेट्टी’ असं सांगा. खाडी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. पाणी उतरलेलं असलं की होडी जेट्टीच्या बरीच खाली असते आणि पायऱ्या बुळबुळीत असतात, तेव्हा दोन्ही हात मोकळे ठेवा. सुट्टे पैसे जवळ असू द्या.

मढच्या गल्ल्यांत वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंच्या मांडणीवर, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील दिसतील. हात लावू नका. पसरलेलं जाळं ओलांडू नका, वळसा घाला. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. आणि नाकाला रुमाल लावून कुणाच्या ओट्यासमोरून जाणं बरं दिसत नाही.

किल्ला पोर्तुगीजांचा, १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. आपण किल्लेश्वराच्या देवळापर्यंत जातो. ड्रोन आणूच नका.

एरंगळला वाळूला लागूनच सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे, १५७५ सालचं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते. त्या दिवशी जत्रेलाच जा, आम्ही फेरी काढत नाही. चर्चजवळ अर्धा तास थांबून डबे खातो. पुढे अक्साच्या किनाऱ्यापर्यंत चालू या, असा आग्रह नेहमी होतो. नाही. तिथल्या वाळूखालचे खळगे आणि पाण्याची ओढ जागा बदलतात, आणि तिथे माणसं बुडतात. फेरीत कुठेही गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही.

थकलेल्यांसाठी सोय आहे: एरंगळहून २७१ नंबरची बेस्ट बस मढ जेट्टीलाही जाते आणि उलट दिशेने मालाड स्टेशनलाही.

माणशी दोन लिटर पाणी आणा. कोळीवाडा सोडल्यावर किनाऱ्यावर ना नळ आहे, ना शौचालय. दहा वर्षांखालची मुलं आणि गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना आम्ही नेत नाही. जून ते सप्टेंबर फेऱ्या बंद. वारा जोराचा असेल तर आदल्या संध्याकाळी कळवून फेरी रद्द करतो आणि पैसे पूर्ण परत देतो. जेट्टीवर मात्र उशिरा पोहोचलात तर थांबत नाही, पैसेही परत नाहीत. ओहोटी आमच्यासाठीही थांबत नाही.

सुके बोंबील घ्यायचे तर परतताना घ्या, जाताना नको. वाकवल्यावर कडकन मोडतो तो नीट वाळलेला. नुसता वाकला तर आत ओल आहे, घरी बुरशी धरेल. वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या डब्यात भरा. डबा घरूनच आणा, होडीत आणि रिक्षात शेजारच्याला त्रास नको.