सगळ्यांनी एकदम एंटर दाबावे

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचे काम करणारी मराठी मंडळी आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांची सोमवारची ऑनलाइन मीटिंग पुष्कळदा एखाद्या आइसब्रेकरने सुरू होते. रविवार कसा गेला, आवडता खेळाडू कोण, असे काहीतरी विचारले जाते. चार जण हसतात, बाकीचे म्यूटवर राहतात आणि कामाचा मुद्दा आला की ‘सर म्हणतात ते बरोबर आहे’ यावर चर्चा आटोपते. घटकाभर करमणूक एवढाच हेतू असेल तर यात वावगे काही नाही. मात्र लोकांनी मोकळेपणी मत द्यावे अशी इच्छा असेल, तर ती मते नेमकी कोठे अडतात हे आधी पाहायला हवे.

पहिला अडथळा जुनाच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950च्या दशकात एक साधा प्रयोग केला. तीन रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, एवढेच सांगायचे होते. पण खोलीतले बाकीचे सगळे अ‍ॅश यांचेच साथीदार होते आणि ते ठरवून चुकीचे उत्तर मोठ्याने देत. एकट्याने उत्तर देताना जवळजवळ कोणीच चुकत नसे. या गटात बसल्यावर मात्र सुमारे एकतृतीयांश उत्तरे बहुमताच्या मागे गेली आणि सुमारे तीनचतुर्थांश लोक निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून इतरांचे बोलले. यातला आपल्या कामाचा भाग पुढे आहे. साथीदारांपैकी एकानेच बरोबर उत्तर दिले, की हा दबाव झपाट्याने उतरे. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे असले, तरीही तो बराच कमी होई.

दुसरा अडथळा तंत्राचा आहे. 2009 साली 10 भाषांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आढळले. मिशिगन विद्यापीठातील ज्युली बोलँड आणि सहकाऱ्यांनी समोरासमोरच्या गप्पा आणि झूमवरच्या गप्पा मोजल्या, तेव्हा हे अंतर अनुक्रमे 135 आणि 487 मिलिसेकंद भरले. आकडे किरकोळ वाटतात, पण परिणाम रोजच्या ओळखीचा आहे: दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात, ‘तुम्ही बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ असे होते, आणि त्यांपैकी जो वयाने किंवा हुद्द्याने लहान असतो तो बहुधा पुन्हा तोंड उघडत नाही.

म्हणून दूरस्थ टीमसाठी आइसब्रेकर लेखी आणि एकाच वेळी व्हावा, हे उत्तम. प्रश्न असा घ्यावा की ज्यावर मतभेद नक्की होतील आणि कोणाचे काही बिघडणार नाही. उदाहरणार्थ, पोह्यांवर शेव आणि जिरावण (इंदुरी मसाला) हवे की ओले खोबरे? प्रत्येकाने चॅटमध्ये उत्तर आणि एका ओळीचे कारण लिहून थांबावे, सूत्रधाराने तीन अंक मोजावेत आणि सगळ्यांनी एकदम एंटर दाबावे. मते पडद्यावर एकत्र येतात, त्यामुळे कोणाला कोणाचे पाहून लिहिता येत नाही. नंतर सूत्रधाराने जे मत सर्वांत कमी जणांचे असेल त्याचे कारण आधी विचारावे. पुण्याच्या दहा जणांत इंदूरची एकटीच मुलगी शेव-जिरावणाची बाजू लढवते, सगळे ऐकून घेतात आणि तिचे काही वाकडे होत नाही, हे इतरांना दिसणे हाच या खेळाचा खरा उपयोग आहे. पुढच्या खेपेला प्रश्न कामाकडे सरकवावा: गेल्या महिन्यातले कोणते काम केले नसते तरी चालले असते?

खासगी गोष्टी उकरणारे प्रश्न मात्र टाळलेले बरे. आर्थर अ‍ॅरन यांच्या 1997च्या प्रयोगात 36 प्रश्नांनी अनोळखी माणसांत जवळीक निर्माण झाली हे खरे. पण तेथे दोघेच समोरासमोर बसत, प्रश्न हळूहळू खोल जात आणि त्याला पाऊण तास दिलेला असे. बारा जणांच्या पाच मिनिटांत तसे काही साधत नाही, उलट माणसे अवघडतात.

तोंडी मते घ्यायचीच असतील, तर क्रम उलटा ठेवावा. इंदूरशेजारी महूची छावणी असल्याने लष्कराच्या रीतीभाती येथे थोड्याफार परिचयाच्या आहेत; लष्करी न्यायालयात सदस्यांची मते सर्वांत कनिष्ठापासून घेतली जातात, ती वरिष्ठाच्या मताची छाया पडू नये म्हणूनच. मॅनेजरने शेवटी बोलावे.

खेळात आलेला मोकळेपणा कामात टिकतो का, हे पहिल्या खऱ्या आक्षेपाला काय उत्तर मिळते त्यावर ठरते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका अधिक आढळल्या. तेथे चुका लपवल्या जात नव्हत्या, हे त्याचे कारण त्यांनी मांडले. पुढे 1999 साली एका कारखानदारी कंपनीतील 51 टीमच्या अभ्यासातून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितते’ची, म्हणजे मनातले बोलल्याने टीममध्ये आपले काही वाकडे होणार नाही या भरवशाची, कल्पना पुढे आणली. तेव्हा ‘ही तारीख जमणार नाही’ असे कोणी चॅटमध्ये लिहिले, तर मॅनेजरने त्याच मीटिंगमध्ये ते वाचून दाखवावे, कारण विचारावे आणि तारीख बदलणार नसेल तर का बदलणार नाही ते सांगावे.