ऑनलाइन ग्रंथालय मार्गदर्शिका (व्यवसाय संशोधन)

एखाद्या विषयाची माहिती कुठे मिळते आणि ती कशी शोधायची, हे ग्रंथपालाने निवडून मांडलेले संकेतस्थळावरील पान म्हणजे ऑनलाइन ग्रंथालय मार्गदर्शिका. व्यवसायविषयक मार्गदर्शिकेत कंपन्यांचे ताळेबंद, उद्योगांचे अहवाल, आयात-निर्यात, कायदे असे विभाग असतात. ग्रंथालयांत पूर्वी अशी छापील पत्रके मिळत. २००७ मध्ये स्थापन झालेल्या स्प्रिंगशेअर कंपनीच्या ‘लिबगाइड्स’ या प्रणालीमुळे ही पाने विद्यापीठांत सर्रास दिसू लागली.

पान सहसा सर्वांना खुले असते, त्यावरचे डेटाबेस मात्र वर्गणीचे. त्यामुळे बेळगाव-खानापूरकडचा बीबीए किंवा एम.कॉम.चा विद्यार्थी परदेशी विद्यापीठाची मार्गदर्शिका मन लावून वाचतो आणि पहिल्याच दुव्यावर पासवर्डपाशी अडतो. तरीही वाचन फुकट जात नाही. कोणत्या प्रश्नाला कोणत्या प्रकारचे साधन लागते, एवढे कळते. पुढची वाट आपल्याकडची. महाविद्यालय इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या सरकारी केंद्राच्या ‘एन-लिस्ट’चे (महाविद्यालयांसाठीची ई-नियतकालिके व ई-पुस्तकांची योजना) सदस्य असेल तर विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन मिळते. ते बहुतेकांना परीक्षा तोंडावर आल्यावर आठवते. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि प्रबंधांचे ‘शोधगंगा’ भांडार सर्वांसाठी आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवर (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यावर) प्रकल्प करायचा असे समजू. ‘कास्टिंग’ असा नुसता शब्द टाकला तर काहीही समोर येते. मार्गदर्शिका आधी उद्योगाचा संकेतांक शोधायला सांगते. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात (२००८) लोखंड-पोलादाच्या ओतकामाचा वर्ग २४३१ आहे, तर ओतीव वस्तूंचे एक एचएसएन (व्यापारातल्या मालाचे संकेतांक) शीर्षक ७३२५. पहिल्याने उद्योगाची आकडेवारी सापडते, दुसऱ्याने वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर देशवार निर्यात. ताळेबंदांसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे बोट दाखवलेले असते, पण तिथे फक्त कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्था) सापडतात. मालकीच्या किंवा साध्या भागीदारीतल्या कारखान्याचा ताळेबंद तिथे नसतोच. ‘नोंद नाही म्हणजे उद्योग नाही’ असा निष्कर्ष इथे अंगलट येतो. वार्षिक उद्योग पाहणी ही सरकारी पाहणीही प्रामुख्याने नोंदणीकृत कारखान्यांची. चार-पाच कामगारांचे वर्कशॉप तीत येत नाही. त्यासाठी शेडमध्ये जाऊन मालकाशी बोलणे आले.

निपाणीच्या तंबाखूबाबत चूक आणखी सहज होते. मार्गदर्शिकेत तंबाखूसाठी गुंटूरच्या तंबाखू मंडळाचा दुवा दिसला की कर्नाटकाचे आकडे उचलायचा मोह होतो. पण मंडळाच्या लिलावात येतो तो म्हैसूरकडचा, सिगारेटसाठीचा व्हर्जिनिया तंबाखू. निपाणी परिसराचे नाव आहे ते विडीच्या तंबाखूसाठी, आणि त्याचे भाव-उत्पादन त्या लिलावाच्या आकड्यांत शोधून मिळत नाही.

सीमाभागाच्या जुन्या आकडेवारीसाठी शोध प्रांतानुसार बदलावा लागतो, आणि बाहेरच्या मार्गदर्शिकेत हे सहसा लिहिलेले नसते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा बेळगाव जिल्हा मुंबईच्या अहवालांत आहे. त्यानंतरचा म्हैसूर राज्याच्या, आणि १९७३ पासून कर्नाटकाच्या. इंग्रजी साधनांत २०१४ पर्यंत जिल्ह्याचे नाव ‘बेलगाम’ असे आहे, पुढे ‘बेळगावी’. दोन्ही टाकून पाहावे. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापार-उदिमासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावावरील खंड (१८८४) आजही पहिल्यांदा उघडावा असा आहे.