न फुटलेलं अंडं काय सांगतं

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात (माड-पोफळींच्या बागेत) सोडणांची, म्हणजे नारळाच्या सालींची, रास उपसताना धामणीची अकरा अंडी सापडली. कामगाराने ती पाटीत गोळा केली तेव्हा वर काय, खाली काय, कुणी पाहिलं नाही. सर्पमित्राने वनखात्याला कळवून, त्यांच्या परवानगीने ती डब्यात उबवायला ठेवली. (1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हे आपलं आपण करता येत नाही.) दोन महिन्यांनी जिवंत पिल्लं निघाली पाच. उरलेली सहा आम्ही एकेक करून तपासली.

तीन अंड्यांत बलक आणि रक्ताचं बारीक कडं, एवढंच. म्हणजे जीव धरला होता, पण सुरुवातीलाच गेला. इथे पाटी आठवली. कोंबडी अंडी रोज फिरवते, म्हणून सापाचीही फिरवावीत असं अनेकांना वाटतं. पण कोंबडीच्या अंड्यात बलक सावरणारे पीळदार दोर असतात, सापाच्या अंड्यात ते नसतात. गर्भ वरच्या बाजूला स्थिरावतो, त्याची आवरणं कवचाला चिकटतात. मग अंडं उलटलं की तो बलकाखाली दबतो. म्हणून अंडी जशी सापडली तशीच उचलायची, वरच्या बाजूला पेन्सिलची खूण करायची. एकमेकांना चिकटलेली असतील तर सोडवायची नाहीत.

दोन अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली होती. खवले, डोळे, सगळं तयार. ही दोन्ही अंडी झाकणाखाली थेंब गळत होते त्याच कोपऱ्यातली. सापाचं अंडं कातड्यासारख्या कवचातून श्वास घेतं, आणि पाण्यात प्राणवायू हवेच्या सुमारे 10,000 पट हळू पसरतो. शेवटच्या आठवड्यांत गर्भाची गरज सर्वांत जास्त, नेमका तेव्हाच कवचावर पाण्याचा थर. कोरड्या मुलखासाठी लिहिलेला ‘ओलावा राखा’ हा सल्ला गोव्याच्या जुलैत जसाच्या तसा पाळला तर असंच होतं. अंड्यांखालचा काथ्याचा भुसा मुठीत आवळल्यावर पाणी गळता कामा नये, आणि झाकण तिरकं ठेवावं. अंडं सुरुवातीलाच खपाटीला गेलं तर मात्र ओल कमी पडतेय. शेवटी पडलेली खळगी बहुधा पिल्लू निघण्याचीच खूण असते.

तापमान 28 ते 30 अंश पुरे. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी पारा 35च्या पुढे जातो. त्या उष्म्यात गर्भ मरतो, नाहीतर वाकड्या कण्याचं पिल्लू निघतं.

जाता जाता: ‘घोणशीची अंडी’ म्हणून कुणी काही दाखवलं तर ओळख चुकलेली आहे. घोणस थेट पिल्लांनाच जन्म देते.

सहावं अंडं आमच्या अधीरपणाने गेलं. पिल्लाने तोंडावरच्या इवल्या दाताने कवच चिरलं होतं, तोंड बाहेर होतं, पण दिवसभर ते हललं नाही. अडकलं असावं म्हणून एकाने कात्रीने चीर वाढवून त्याला ओढलं. पोटाला बलकाची पिशवी लोंबत होती, ती फाटली. पिल्लू त्या वेळी बलक पोटात ओढून घेत असतं, त्याला एक-दोन दिवस सहज लागतात. शेजारच्या अंड्यातलंही तसंच तोंड काढून बसलं होतं. आम्ही वाकलो की आत जायचं, मागे सरलो की पुन्हा बाहेर. दुसऱ्या रात्री कुणी पाहत नसताना ते निघालं.