लेखी प्रश्न (विधिमंडळ)

विधिमंडळाच्या सदस्याने आगाऊ नोटीस देऊन मंत्र्याला विचारलेला, आणि ज्याचे उत्तर छापील स्वरूपात सभागृहाच्या नोंदीत कायमचे जाते असा प्रश्न. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४(२) प्रमाणे राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. ही जबाबदारी रोजच्या कारभारात वसूल करण्याची जी थोडी साधने आमदाराच्या हाती आहेत, त्यांतले हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी दिसणारे. भाषण दूरचित्रवाणीवर येते, सभात्यागाचे छायाचित्र छापून येते. लेखी उत्तर यादीच्या चाळिसाव्या पानावर पडून राहते. पण आकडा असतो तो त्या पानावर.

महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य हा अधिकार वापरतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, नरिमन पॉइंटच्या विधान भवनात भरते. हिवाळी अधिवेशन नागपूरला.

प्रकार

ज्या प्रश्नावर तारेची खूण असते तो तारांकित. त्याचे उत्तर छापून सदस्यांच्या हाती आलेले असते, आणि प्रश्नोत्तराच्या तासात तो पुकारला गेला तर मंत्र्याला उभे राहून उपप्रश्नांना तोंड द्यावे लागते. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. तातडीच्या बाबीसाठी अल्पसूचना प्रश्न असतो, पण तो मंत्र्याने मान्य केला तरच. लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी) आणि अर्धा तास चर्चा (दिलेल्या उत्तरावर मागितलेली) ही आयुधे वेगळी, मात्र बऱ्याचदा त्यांचे बीज एखाद्या असमाधानकारक लेखी उत्तरातच असते.

तासाभरात मोजकेच तारांकित प्रश्न पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे लेखीच राहतात. म्हणजे व्यवहारात विधिमंडळातले बहुतेक प्रश्न लेखीच ठरतात, आणि म्हणून ते कसे लिहिले आहेत याला फार महत्त्व आहे.

प्रश्नाची घडण

मराठी प्रश्नपत्रिकेचा साचा गेली कित्येक दशके जवळपास तोच आहे. सुरुवात ‘सन्माननीय गृहनिर्माण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी, आणि मग क्रमांक घातलेले भाग. एक नमुना पाहू. समजा, गिरगावातल्या एका उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीचे काम विकासकाने अर्धवट टाकले आहे आणि भाडेकरू संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, अडकले आहेत. आमदाराचा प्रश्न साधारण असा येईल :

(१) गिरगाव (मुंबई) येथील उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास विकासकाने अर्धवट सोडल्याने रहिवाशांची गैरसोय होत असल्याचे माहे मे, २०२४ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

यातले ‘वा त्यादरम्यान’ हे दोन शब्द नुसती सवय म्हणून आलेले नाहीत. तारीख चार दिवसांनी चुकली तर खात्याला ‘हे खरे नाही’ असे लिहून मोकळे होता येते. ते दार या दोन शब्दांनी बंद होते. शेवटचा ‘विलंबाची कारणे’ हा भागही असाच कामाचा. काहीच केले नसेल तर निदान का केले नाही, हे तरी कागदावर यावे.

पण याच साच्यात एक मोठी फट आहे. दुसरा भाग ‘असल्यास’ने सुरू होतो, म्हणजे तो पहिल्यावर टांगलेला असतो. पहिल्या भागाचे उत्तर ‘हे खरे नाही’ आले की पुढच्या तिन्हींसमोर एकच वाक्य येते : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ चार ओळींत सगळे संपते. माझ्या मते आमदारांच्या मेहनतीचे जितके नुकसान या तीन शब्दांनी केले आहे, तितके गोंधळात वाया गेलेल्या तासांनीही केले नसेल. त्यावर उपाय सोपा आहे आणि अभ्यासू सदस्य तो वापरतात : प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा करायचा, आणि ‘खरे आहे काय’ऐवजी ‘किती’ विचारायचे. अमुक तारखेस दक्षिण मुंबईत किती उपकरप्राप्त इमारतींचे काम तीन वर्षांहून अधिक काळ बंद आहे, किती कुटुंबांचे विकासकाकडचे भाडे थकले आहे, किती विकासकांना नोटिसा गेल्या, त्यांपैकी किती प्रकल्प मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाने ताब्यात घेतले. या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ असे उत्तरच देता येत नाही.

प्रश्न दाखल होण्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. त्यात युक्तिवाद, टोमणा, कुणाची बदनामी नको; न्यायप्रविष्ट बाब नको; मंत्र्याचे मत किंवा काल्पनिक परिस्थितीवरचे भाष्य मागायचे नाही; आणि विषय मुळात त्या शासनाच्या अखत्यारीतला हवा. स्वीकृतीचा निर्णय विधानसभेत अध्यक्षांचा, परिषदेत सभापतींचा.

मंत्रालयातला प्रवास

सरकारी कचेऱ्यांत विधानसभेच्या प्रश्नाला सरसकट ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेम्ब्ली क्वेश्चन) म्हणतात. ‘एलएक्यू आलाय’ म्हटले की टेबलावरची बाकीची फाइल बाजूला होते. विधिमंडळ सचिवालयाकडून प्रश्न विधान भवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या मंत्रालयात संबंधित विभागाकडे जातो, तिथून कक्ष अधिकाऱ्याकडे, आणि माहितीसाठी खाली जिल्हाधिकारी, महापालिका, म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) किंवा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे. खालून आलेले उत्तर पुन्हा कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशा पायऱ्या चढत मंत्र्यापर्यंत पोचते. तारांकित प्रश्न असेल तर सोबत जाडजूड टिपणीही जाते : कोणता उपप्रश्न येऊ शकेल, कोणता आकडा विचारला जाईल, आधी काय उत्तर दिले होते.

लेखी प्रश्नाची खरी ताकद या प्रवासात आहे. वॉर्ड ऑफिसातला अभियंता, जो रहिवाशांच्या दहा अर्जांना उत्तर देत नाही, त्याला अकराव्या कागदावर सही करून माहिती द्यावी लागते, कारण ती मंत्र्याच्या नावाने सभागृहात जाणार असते आणि ती खोटी निघाली तर गोष्ट त्याच्यापर्यंत येणार असते. अनेकदा प्रश्नाचे उत्तर छापून यायच्या आतच खड्डा बुजतो, थकलेले भाडे जमा होते, बंद पडलेली फाइल हलते. असे झालेले काम कोणत्याही यादीत मोजले जात नाही.

उत्तर वाचायचे कसे

‘होय, हे खरे आहे’ हे उत्तर सरळ. ‘हे खरे नाही’ हेही सरळ, निदान दिसायला. सर्वांत लक्ष देऊन वाचावे असे उत्तर म्हणजे ‘हे अंशतः खरे आहे’. खात्याला नाकारता आलेले नाही आणि मान्यही करायचे नाही, अशा ठिकाणी ते येते. त्यामुळे कोणता अंश खरा हे शोधणे हाच पुढच्या प्रश्नाचा विषय. ‘बाब तपासण्यात येत आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘माहिती घेऊन सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ ही वाक्ये म्हणजे मागून घेतलेली मुदत. शेवटच्या वाक्याला मात्र आश्वासन समजले जाते, आणि दिलेली आश्वासने पाळली की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

उत्तर चुकीचे निघाले तर सभागृहाची दिशाभूल केल्याबद्दल हक्कभंगाची सूचना देता येते. अपुरे असेल तर अर्धा तास चर्चा मागता येते, किंवा सभागृहात पीठासीन अधिकारी प्रश्न राखून ठेवतात. पण सर्वांत परिणामकारक मार्ग साधाच आहे : पुढच्या अधिवेशनात आधीच्या उत्तराचा क्रमांक आणि दिनांक देऊन पुन्हा विचारणे. ‘दिनांक अमुक रोजी दिलेल्या उत्तराच्या संदर्भात’ ही ओळ वाचली की खात्याला कळते की समोरच्याने कागद जपून ठेवला आहे.

इतिहास

मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक जानेवारी १८६२ मध्ये झाली, पण त्या कौन्सिलला प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. समोर आलेल्या विधेयकापलीकडे काही बोलायचे नाही, अशी चौकट होती. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना नोटीस देऊन प्रश्न विचारता येऊ लागला. उत्तरावर चर्चा नाही, उपप्रश्न नाही, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्याला प्रश्न नाकारण्याची मुभा. एवढ्या आवळलेल्या अधिकारासह फिरोजशहा मेहता, पुढे लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले त्या सभागृहात बसले. दुष्काळ, प्लेग आणि शेतसाऱ्याच्या त्या दशकात सरकारला अधिकृत नोंदीत उत्तर द्यायला लावता येणे ही लहान गोष्ट नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा अधिकार दिला. १९१९ नंतर तो इतर सदस्यांनाही मिळाला. पुढे कौन्सिल अपोलो बंदराजवळच्या जुन्या सेलर्स होमच्या इमारतीत बसू लागली. आज तिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. नरिमन पॉइंटच्या सध्याच्या विधान भवनाचे उद्घाटन १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले.

प्रश्न किती दूर नेऊ शकतो आणि किती खाली ओढला जाऊ शकतो, याची दोन्ही उदाहरणे संसदेतली असली तरी मुंबईशी जोडलेली आहेत. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंद्रा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले, त्याबद्दल १९५७ मध्ये राम सुभग सिंह यांनी लोकसभेत प्रश्न विचारला. त्याचा माग काढत मुंबईत जन्मलेले फिरोज गांधी यांनी डिसेंबरमधल्या चर्चेत सरकारला धारेवर धरले. सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी हे केले, हे विसरू नये. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे गेली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले.

दुसरे उदाहरण १९५१ चे. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारणे, दुरुस्त्या सुचवणे असे व्यवहार केल्याचे चौकशी समितीला आढळले. त्या समितीचे अध्यक्ष हेच कृष्णमाचारी होते. ठराव मंजूर होण्यापूर्वीच मुदगल यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून ११ खासदारांची हकालपट्टी झाली.

मुंबईतली खास अडचण

मुंबईकराचा एकच दिवस तीन सरकारांत विभागलेला असतो. लोकल आणि फलाटाची उंची रेल्वे मंत्रालयाची, म्हणजे प्रश्न शहराच्या सहा खासदारांपैकी कुणी तरी दिल्लीत विचारायचा. बंदराची जमीनही केंद्राची. स्टेशनबाहेरचा पूल, नाला, पाणी महापालिकेचे. त्यावर नगरसेवक पालिकेत विचारू शकतो, आणि आमदार नगरविकास मंत्र्यांना. पुनर्विकास, संक्रमण शिबिरे, पोलीस राज्याचे. चुकीच्या दारात टाकलेला प्रश्न ‘ही बाब या विभागाशी संबंधित नाही’ एवढे सांगून परत येतो, आणि एक अधिवेशन जाते.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या २२७ नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. पालिकेच्या सभागृहात विचारणारेच कुणी नव्हते. त्या काळात रस्त्यांचे काँक्रिटीकरण, नालेसफाई, ठेवी अशा बाबींवर सभागृहात उत्तर मागण्याचा मार्ग शहराच्या ३६ आमदारांच्या आणि परिषदेतल्या सदस्यांच्या प्रश्नांतूनच जात होता. त्याआधी कोविडच्या साथीत, सप्टेंबर २०२० च्या दोन दिवसांच्या अधिवेशनात महाराष्ट्रात प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही. त्याच महिन्यात लोकसभेनेही तो तास वगळला, पण अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे सुरू ठेवली.

प्रजा फाउंडेशन ही संस्था मुंबईच्या आमदारांनी किती आणि कोणत्या विषयांवर प्रश्न विचारले याची पडताळणी करून प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करते. त्यातून मतदाराला चांगली माहिती मिळते. संख्येवर मात्र फार विसंबू नये. एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे असतात, आणि मथळा बदलून तोच साचा भरलेले प्रश्नही मोजणीत येतात.

माहितीचा अधिकार आल्यापासून (राज्यात २००२ चा कायदा, मग देशभर २००५ चा) कुणालाही कागद मागता येतो. २००५ च्या कायद्यातील वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या कलम ८(१)(ञ) ला एक सुंदर परंतुक (जोडलेली अट) होते : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदार आणि मतदार यांना एका ओळीत बसवणारे ते वाक्य २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातील दुरुस्तीने वगळले. त्यामुळे वैयक्तिक म्हणून अडवलेली माहिती सभागृहामार्फत मागवण्याची निकड वाढली आहे. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत उपलब्ध असतात. आपल्या वॉर्डाचे, आपल्या इमारतीचे नाव त्यांत शोधून पाहता येते.