बाळंतपणाची रजा: अर्ज कधी द्यायचा, काय जोडायचं, पगार किती दिवसांचा

सातवा महिना लागला की एखादी मुलगी माझ्या टेबलाशी येते, दार लागलंय ना ते बघते आणि हळूच विचारते, "मॅडम, राजीनामा द्यावा लागेल का?" कारखान्याच्या एचआरमध्ये हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की उत्तर सगळ्यात आधी लिहिते. नाही, राजीनामा द्यावा लागत नाही. "आत्ता दे, नंतर परत घेऊ" असं कोणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी सही करू नका.

हा हक्क १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातून आला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण रजेचा हिशेब तोच राहिला. आधीची दोन मुलं हयात असतील तर रजा १२ आठवड्यांची. मूल दत्तक घेणाऱ्या आईलाही १२ आठवडे. गर्भपात झाला तर सहा आठवडे. ही रजा बऱ्याच जणींना माहीतच नसते आणि त्या तिसऱ्या दिवशी कामावर उभ्या राहतात. ते बघून फार वाईट वाटतं.

अट एकच: डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत तुमचं ८० दिवस काम झालेलं हवं. त्यात भरपगारी सुट्ट्याही धरतात. कायम, कंत्राटी, रोजंदारी असा भेद नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदार महिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच ते स्पष्ट केलंय.

अर्ज साध्या कागदावरही चालतो. त्यात तीन गोष्टी यायलाच हव्यात: रजा कोणत्या तारखेपासून हवी, या काळात दुसरीकडे कुठेही काम करणार नाही, आणि पैसे तुम्हाला किंवा तुम्ही नेमलेल्या कोणाला द्यायचे त्याचं नाव. सोबत अपेक्षित तारीख लिहिलेला डॉक्टरांचा दाखला, बँक पासबुकाची प्रत आणि ओळखपत्र जोडा. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही. साहेब बदलले की तर मुळीच नाही. अर्ज आधी द्यायचा राहिला तर बाळंतपणानंतर लवकरात लवकर द्या. तेवढ्यावरून हक्क जात नाही.

तारीख मात्र विचार करून निवडा. बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते. समजा तारीख २० मे आहे. २५ मार्चपासून रजा घेतलीत तर ती २२ सप्टेंबरला संपते. तब्येत साथ देत असेल आणि १ मेपासून घेतलीत तर २९ ऑक्टोबरपर्यंत बाळाजवळ राहता येतं. लांब माहेरी जायचं असेल, प्रवास झेपणार नसेल, तर लवकर निघा. रजा वाचवण्यापेक्षा जीव महत्त्वाचा.

आता पैसे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार धरून. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच ठरवून दिलंय, तरी रविवार वगळून काढलेला हिशेब मी स्वतः पाहिलाय. रोज १,००० रुपये मजुरी असेल तर १,८२,००० रुपये मिळायला हवेत. रविवार कापले की १,५६,००० होतात. थेट २६,००० चा फरक! दर ठरतो रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे आगाऊ मिळतात, उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. डिस्चार्ज कार्ड त्यासाठी सांभाळून ठेवा, जन्मदाखला आला की त्याचीही प्रत द्या. कंपनीने तपासणी-उपचारांची मोफत सोय केली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर पैसे कंपनी नाही, ईएसआय देते. तिथे अट ८० ची नसून आधीच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणी मोजायचे सहा-सहा महिने) मिळून ७० दिवसांच्या वर्गणीची आहे. त्यामुळे विमा क्रमांक आणि बँक खातं आधीच जुळवून घ्या.

रजेवर असताना कामावरून काढता येत नाही की पगार-पद कमी करता येत नाही. तसं झालं तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा, पोच घेतलेली प्रत जोडून.

सहकाऱ्यांनाही एक विनंती. "सहा महिने मजा आहे बाई तुझी" असं म्हणू नका. फाईल कुठे ठेवलीये हे विचारायला ओल्या बाळंतिणीला फोन करू नका; ती जायच्या आधी आठवडाभर बसून सगळं लिहून घ्या. ती परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ हा तिचा हक्क आहे, जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं आणि तिथे दिवसातून चारदा जाता आलं पाहिजे. पाळणाघर नसेल तर निदान कडी लागणारी एक खोली द्या. स्वच्छतागृहात उभं राहून दूध काढणारी आई मी पाहिलीये. दुसऱ्या दिवशी आम्ही रेकॉर्ड रूममधली दोन कपाटं हलवली, एक खुर्ची आणि पडदा लावला. अर्धा तास लागला.